शेवटचा हात

मशीनमधून नुकतीच बाहेर आलेली गाडी. फेस गेलाय, चिखल गेलाय, वरच्या झोतानं पाणीही बरंचसं उडवलंय. तेवढ्यात खांद्यावर फडकं टाकलेला पोरगा पुढं येतो. "भाऊ, हात मारून देऊ काय? दोनशे लागतीन." गाडीवाला भुवया उंचावतो. "काहून? आताच त मशीननं धुतली न बाप्पा! मंग पुसाचं काय काम?"

प्रश्न रास्त आहे. लाखो रुपयांच्या यंत्राला जे जमलं नाही, ते हातातल्या फडक्याला कसं जमणार? पण जमतं! आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो. जगातलं सगळ्यात महाग मशीन आणून अकोल्यात बसवा, गाडीवर एक पातळसा थर उरणारच. तो का उरतो हे शोधायला निघालं, की माती, पाणी, ऊन आणि प्रकाश असे एकेक करामती गडी समोर येतात. आणि शेवटी धंद्याचं एक असं गणित हाती लागतं, की वहीत पुन्हा मांडून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

सुरुवात धुळीपासून करू. अमरावतीहून अकोल्याकडे निघा. बडनेरा, लोणी, माना, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. हाच तो राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला. पण दोन्ही बाजूंची काळी माती होती तशीच राहिली, आणि गाडीच्या अंगाला ती चिकटते, ती अशी चिकटते की विचारू नका.

का चिकटते? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्या काळ्या दगडाची झीज होत होत ही कपाशीची जमीन तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर आहे. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! असे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी मिळालं की ते पाणी थेट त्यांच्या मधल्या फटींत शिरतं. म्हणून पावसात आपली जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता या पापुद्र्यांचा हिशेब मांडा. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून शेजारी शेजारी मांडले, तर दोन्ही बाजू धरून सुमारे सातशे चौरस मीटर पृष्ठभाग होतो. म्हणजे अवघ्या सहा ग्रॅममध्ये एक एकर! चिमूटभर मातीत अख्खं वावर. एवढा पृष्ठभाग असलेली वस्तू ज्याला चिकटेल त्याला सोडेल कशाला? चिखल वाळून पडतो, पण त्याचा सगळ्यात बारीक अंश रंगावर बसून राहतो.

मग मशीन पाण्याचा जोरदार मारा करतं. फवारा इतक्या वेगाचा की हात मधे धरवत नाही. त्यानंही हा बारीक थर का निघू नये?

याचं उत्तर तुमच्या डोक्यावर फिरतंय. छताचा पंखा दिवसभर गरगर फिरतो, पात्याशेजारून वारा सपाट्यानं जातो, तरी त्याच पात्यावर धुळीचा थर साचतो. वाऱ्यानं ती धूळ उडायला हवी की नको? पण हवा असो की पाणी, कोणत्याही पृष्ठभागाला अगदी खेटून असलेला त्यांचा थर जवळपास थबकलेला असतो. पृष्ठभागावर प्रवाहाचा वेग शून्य. तिथून जरा वर थोडा वेग, आणखी वर आणखी वेग. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत या थराची कल्पना मांडली आणि पुढं विमानाच्या पंखांचं शास्त्र त्यावर उभं राहिलं. याला म्हणतात सीमास्तर.

गाडीवरही तेच. वरून पाणी सुसाट धावतंय आणि एक-दोन मायक्रॉनचा मातीचा कण खाली, जवळजवळ स्तब्ध पाण्यात, निवांत बसलाय. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मोठी ढेकळं वर डोकं काढतात, ती वाहून जातात. बारक्यांच्या डोक्यावरून पूर निघून जातो! नुसत्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनमधून आलेल्या गाडीवर बोट फिरवलं की बोटाला जो करडा रंग लागतो, तो या बारक्यांचाच. त्यांना हलवायला स्पर्शच लागतो.

"पण काही मशीनना ब्रश असतात की!" असतात. बॉनेट, टप, दरवाजे अशा सपाट भागांवर ते छान चालतात. पण दरवाजाच्या हँडलमागची खोबण, नंबरप्लेटचा काठ, अलॉय व्हीलच्या काड्यांमधली जागा, दार उघडल्यावर दिसणारी चौकट? तिथं ब्रश पोचत नाही. आणि जिथं पोचतो तिथं वेगळीच गोष्ट घडू शकते.

ती समजायला आधी गाडीचा रंग किती जाड असतो ते पाहा. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. गाडीची सगळी चमक या शेवटच्या थराची असते, आणि त्याची जाडी साधारण ४० मायक्रॉन. मिलिमीटरचा पंचविसावा भाग! दहा लाखांच्या गाडीचं सगळं रूप एवढ्याशा थरावर उभं असतं.

आपल्या धुळीत मऊ मातीसोबत गारगोटीचे सूक्ष्म कणही असतात. गारगोटी काचेलाही ओरखडते, मग क्लिअर कोटची काय कथा! असा एखादा कण ब्रशमध्ये किंवा मळकट फडक्यात अडकला की बारीक रेघा पडू लागतात. या रेघांची एक गंमत रात्री दिव्याखाली काळी गाडी उभी करून बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल जाळं दिसेल. आपल्याला वाटतं, कुणीतरी गोल गोल घासलंय. आता एक पाऊल बाजूला सरका. जाळंही तुमच्याबरोबर सरकतं!

रेघा कशा सरकतील? त्या जागच्या जागीच आहेत, आणि गोलही नाहीत. त्या सगळ्या दिशांना वेड्यावाकड्या पसरलेल्या आहेत. पण प्रत्येक रेघ उजेड फेकते तो फक्त स्वतःला काटकोनात. त्यामुळं हजारो रेघांपैकी ज्या प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला धरून पडल्यात, तेवढ्यांचाच उजेड तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकीच्या तिथंच असून दिसत नाहीत. तुम्ही हललात की दुसऱ्या रेघा उजळतात. वर्तुळ तुमच्या डोळ्यात तयार होतं, गाडीवर ते नसतंच!

पॉलिश करणारा कारागीर काय करतो? रेघ भरत नाही. रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट एक-दोन मायक्रॉन घासून रेघेचे काठ बोथट करतो, म्हणजे उजेड भलतीकडं फेकला जात नाही. आता हिशेब तुम्हीच करा. शिल्लक फक्त ४० मायक्रॉनची, आणि प्रत्येक पॉलिशला त्यातून खर्च. दर महिन्याला कंपाउंड मारून देणारा माणूस गाडीची जमापुंजी उडवतोय, आणि "यंदा नको भाऊ, नुसतं वॅक्स करू" म्हणणारा ती वाचवतोय. हाताचं काम विकताना कधी नाही म्हणायचं, हेही त्या कामातच आलं.

आता पाणी. इथं वऱ्हाड साऱ्या महाराष्ट्राच्या पुढं आहे! पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत सुमारे ४७०० चौरस किलोमीटरचा खारपाण पट्टा पसरलाय. दर्यापूरकडच्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. विहीर खणावी तर पाणी खारं. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचं, अमरावतीला अप्पर वर्धाचं पाणी मिळतं, पण वॉशिंग सेंटर चालतं ते बहुधा बोअरवर. आणि जमिनीखालच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतातच.

किती? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागं ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समजा २००० वालं पाणी आहे आणि धुतल्यावर गाडीवर फक्त एक पाव लिटर पाणी थेंबाथेंबानं उरलं. ते वाळलं की मागं किती राहील? अर्धा ग्रॅम क्षार. मघाशी चिमूटभर मातीत एकर पाहिलाय, तेव्हा अर्धा ग्रॅम म्हणजे काय प्रकरण असतं हे तुम्हाला सांगायला नको.

बरं, हा क्षार सगळीकडं सारखा पसरला असता तर फारसा दिसलाही नसता. पण तो गोल कडी करून बसतो. का? थेंबाची कड पातळ असते आणि तिथून पाण्याची वाफ वेगानं होते. कड मात्र जागची हलत नाही. मग कमी पडलेलं पाणी भरून काढायला थेंबाच्या मध्यातून कडेकडं प्रवाह सुरू होतो आणि जाताना विरघळलेलं, तरंगणारं सगळं सोबत नेतो. वाळत असलेला प्रत्येक थेंब आतून वाहत असतो! कॉफीच्या डागाची कड गडद का असते, या साध्या कुतूहलापोटी शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे कोडं उलगडलं आणि १९९७ मध्ये ते 'नेचर' या नामांकित नियतकालिकात छापून आलं.

त्यातही दोन जातीचे डाग. साधं मीठ असेल तर ओल्या फडक्यानं पुन्हा विरघळतं. पण पाण्यात कॅल्शियमचा बायकार्बोनेट असेल, तर पाणी उडताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि मागं उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. ती साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. चुनखडीच्या गुहांमध्ये छतापासून लोंबणारे दगडी खांब याच रसायनानं हजारो वर्षांत घडतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला की तीच करामत तुमच्या बॉनेटवर काही मिनिटांत होते! मग तिथं सौम्य आम्ल घेऊन हळुवार हात चालवावा लागतो.

म्हणून पुसणं ही शर्यत आहे. पाणी वाळण्याआधी फडकं पोचलं पाहिजे. चांगली मशीन इथं एक छान युक्ती करतात. शेवटच्या पाण्यात असं एक द्रव्य सोडतात, ज्याच्या रेणूचं डोकं धन भाराचं आणि शेपूट तेलकट असते. ओल्या काचेवर, रंगावर थोडा ऋण भार असतो. डोकं तिकडं खेचलं जातं, शेपट्या बाहेर राहतात, आणि क्षणात सगळ्या गाडीला पाणी झटकणारी लव फुटते! पाणी थेंबांत गोळा होतं आणि झोतापुढं पळत सुटतं.

तरी आरशाच्या खोबणीत, पेट्रोलच्या झाकणाआड, कंपनीच्या बोधचिन्हामागं पाणी दडून बसतं. गाडी मशीनमधून कोरडी निघते, शंभर मीटर जाते आणि आरशाखालून ओघळ सुरू. सगळ्या मेहनतीवर एक पांढरी रेघ! अनुभवी पोरगा आधी हाताच्या पंपानं या फटींत हवा मारतो, दारं उघडून चौकटी पुसतो आणि मगच बॉनेटला हात लावतो. क्रम उलटा झाला की काम दुप्पट.

आणि फडकं कोणतं? पांढऱ्या सोन्याच्या या मुलखात मान कापसाला मिळायला हवा. पण गाडीवर कापूस हरतो, आणि हरतो तो कुणापुढं? प्लास्टिकच्या धाग्यापुढं! कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन रुंद. मायक्रोफायबरचा धागा बनवताना पॉलिएस्टर आणि नायलॉन एकत्र ओढतात आणि मग तो लांबीत फोडतात. एकाचे सोळा काप, प्रत्येक काप काही मायक्रॉनचा, आणि कडा त्रिकोणी. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म धाग्यांपासून हुबेहूब मऊ चामड्यासारखं कापड बनवलं. त्याच घराण्यातलं हे फडकं.

प्लास्टिक तर पाणी पीत नाही, मग हे फडकं पितं कसं? धागा पीतच नाही. पितात त्या धाग्यांमधल्या फटी. फट जितकी अरुंद तितकं पाणी त्यात जोरानं ओढलं जातं, आणि इथं फटींची संख्या अफाट. म्हणून चांगलं फडकं आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं. आणि त्या त्रिकोणी कडा? सीमास्तरात निवांत बसलेला तो दोन मायक्रॉनचा कण आठवा. पुराला तो दाद देत नव्हता. ही बारीक कड मात्र त्याच्या खाली जाऊन त्याला उचलते आणि फटीत कोंडते. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, हा नियम यातूनच आला. कोंडलेली गारगोटी तिथं वाटच बघत असते.

आता वॅक्स. ब्राझीलच्या ईशान्येला रखरखीत मुलखात कारनौबा नावाचा ताड वाढतो. उन्हात पानांतलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर चढवतो. पानं वाळवून झटकली की ते मेण पडतं. याचीच निवड का? मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. अकोल्यात मेच्या दुपारी काळ्या गाडीचं बॉनेट सत्तरच्या घरात जाऊ शकतं. तिथं मधमाशीचं मेण वितळून ओघळेल! कारनौबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत तग धरतं. दूरदेशीच्या झाडानं स्वतःला उन्हापासून वाचवायला जे केलं, तेच आपल्या गाडीला उन्हात उपयोगी पडतं. फक्त लावायचं ते सावलीत, गार पत्र्यावर आणि पातळ.

दसऱ्यानंतर या धंद्यात एक खास आपला मामला येतो. बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक. गाडी मशीनमध्ये जाते, अल्कधर्मी फेस अंगावर पडतो, आणि पिवळं स्वस्तिक लालसर होतं! मालक घाबरतो. घाबरण्यासारखं काही नाही. हळदीतलं कुर्कुमिन हे शाळेतल्या प्रयोगातलं दर्शक द्रव्य, अल्क लागलं की रंग बदलणारच. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून पाण्याचा मारा त्याला हलवत नाही. तेल किंवा अल्कोहोल असलेलं क्लीनर फडक्यावर घेऊन पुसलं की बरंचसं उतरतं. जी पिवळी झाक उरते तिला वऱ्हाडचं ऊन बघून घेतं, कारण कुर्कुमिन प्रकाशात तुटतं. एरवी बदनाम असलेलं आपलं ऊन इथं फुकटात कामाला येतं.

आणि आत? समोरची काच आतून कधी पुसून पाहिलीत? दारं बंद, धूर नाही, धूळ नाही, तरी फडक्यावर तेलकट धुरकट डाग येतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं उन्हात तापून हळूहळू हवेत उडतात आणि काचेवर जाऊन बसतात. डॅशबोर्ड काचेवर चढत असतो! रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश याच थरावर फाकतो आणि डोळे दिपतात. मशीन बाहेरून कितीही गरजलं तरी या काचेपर्यंत ते पोचणार नाही. पायपुसण्यातली काळी माती, कपाशीच्या दिवसांत सीटच्या फटीत शिरलेलं रुईचं तूस, हे सगळं हाताचं आणि व्हॅक्यूमचं राज्य.

थोडं इतिहासात डोकावू. १९१३ मध्ये फोर्डनं डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, डेट्रॉइटमध्ये 'ऑटोमोबाइल लाँड्री' निघाली. एक माणूस साबण लावी, दुसरा धुई, तिसरा पुशी, आणि गाडी हातांनी ढकलत पुढं नेत. म्हणजे यंत्राचा आराखडा आधी माणसांच्या हातांनी बनला होता! पुढं साखळीनं ढकलणारा हात घेतला, ब्रशनं घासणारा घेतला, फवाऱ्यानं धुणारा घेतला. सगळ्यात चिवट ठरला तो पुसणारा. तो का टिकला, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

मग या टिकलेल्या हातातून पैसा कसा उभा राहतो? आकडे समजुतीसाठी घेऊ, तुम्ही आपले घाला. समजा मशीन एका गाडीला सहा मिनिटं घेतं, म्हणजे तासाला दहा गाड्या. हात फिरवायला एका माणसाला पंधरा मिनिटं लागतात. मशीनच्या तोंडाशीच प्रत्येक गाडी पुसायला घेतली तर? मागची गाडी अडकली. दहाच्या चार झाल्या! लाखो रुपयांचं यंत्र आता फडक्याच्या वेगानं चालतंय. म्हणून पहिला नियम: गाडी वीस-पंचवीस फूट पुढं, शेडच्या सावलीत न्यायची. मशीनचं एकही मिनिट खर्च न होता दुसरी कमाई सुरू होते.

आता खरी गंमत. साधारण दर तिसरं गिऱ्हाईक हाताचं काम घेतं असं धरा. तासाला सव्वातीनहून जरा जास्त गाड्या, प्रत्येकी पंधरा मिनिटं. माणूस तासातली पन्नास मिनिटं कामात, दहा मिनिटं मोकळा. वरवर पाहता उत्तम! एक माणूस पुरतोय, पगार वसूल होतोय. मग गिऱ्हाइकं वैतागून निघून का जातात?

कारण गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. कधी तीन लागोपाठ, कधी अर्धा तास सामसूम. सामसुमीतली मोकळी मिनिटं साठवून गर्दीत वापरता येत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अॅग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला आणि त्यातून रांगेचं गणित जन्मलं. ते गणित इथं लावलं, तर प्रत्येक गाडीला सरासरी सदतीस मिनिटं नुसतं थांबावं लागतं! थांबणं आणि पुसणं मिळून बावन्न मिनिटं. पंधरा मिनिटांच्या कामासाठी जवळजवळ तास.

आता दुसरा माणूस घ्या आणि दोघांना एकाच गाडीवर लावा. एक डावीकडून, एक उजवीकडून. काम साडेसात मिनिटांत. थांबायला किती? अर्धं, म्हणजे अठरा? नाही. सरासरी तीन मिनिटंसुद्धा नाही! सगळं मिळून दहा मिनिटं. माणसं दुप्पट केली आणि गिऱ्हाइकाचा वेळ बावन्न मिनिटांवरून दहावर आला, पाचवा हिस्सा! चहा संपायच्या आत गाडी तयार. मघाचा "नको" आता "घ्या मारून" होऊ लागतो.

खर्च? समजा दोघांची मजुरी दिवसाला बाराशे, एका गाडीचे दोनशे, त्यातले वीस फडकी आणि द्रव्यांचे. गाडीमागं एकशे ऐंशी उरतात. सात गाड्यांत दोघांचा दिवस सुटतो, आठवीपासून पुढं मालकाचं. फक्त एक पथ्य. वॅक्स, पॉलिश, अर्ध्या दिवसाची आतली सफाई ही कामं या रांगेत घुसवायची नाहीत. पंधरा मिनिटांच्या रांगेत तीन तासांची एक गाडी आली की एरलांगचं सगळं गणित कोसळतं. त्यांना वेगळी जागा, वेगळी वेळ, फोनवर आधी नोंद, आणि दरही वेगळा.

वॉशिंग सेंटरच्या मालकाला वहीत दुसरा माणूस खर्चाच्या बाजूला दिसतो, म्हणून तो नको वाटतो. मशीन जोरात चाललंय, दारात गर्दी वाढतेय, तेव्हा त्याचं मन दुसऱ्या मशीनकडं धावतं. पण दुसरं मशीन आणलं तरी तेही त्याच सीमास्तरापाशी थबकणार, आणि पुसायच्या रांगेत दुप्पट गाड्या लोटणार. तेव्हा मशीनचं कोटेशन मागवण्याआधी शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या चलाख पोराला बोलवावं, हातात स्वच्छ फडकं द्यावं, आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभं करावं.